सेब्रिंगचं काँक्रीट आणि लाइम रॉकचा रविवार : अमेरिकेतले स्पोर्ट्स कार शर्यतींचे ट्रॅक

हेअरपिन | सोमवार, रात्री ९:४०

मागे इथे कुणीतरी विचारलं होतं की अमेरिकेत फक्त गोल गोल फिरायच्याच शर्यती असतात का. तेव्हा 'नाही हो' एवढंच लिहून पळालो होतो. यंदा मार्चमध्ये फ्लोरिडातली सेब्रिंगची बारा तासांची शर्यत तंबू ठोकून बघितली आणि आता लिहिल्याशिवाय राहवत नाही.

थोडी पार्श्वभूमी. इम्सा ही स्पोर्ट्स कारच्या शर्यती भरवणारी संस्था १९६९ साली जॉन बिशप आणि त्यांची पत्नी पेगी यांनी काढली, पाठीशी नॅस्कारवाले (म्हणजे त्याच गोल गोल शर्यतींवाले) बिल फ्रान्स. १९७१ पासून त्यांची स्पोर्ट्स कारची मालिका सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी कॅमल सिगारेट तिची प्रायोजक झाली. त्यानंतर १९९९ ते २०१३ अमेरिकन ल माँ सिरीज (फ्रान्समधल्या ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीवरून नाव). ती काढणारे डॉन पॅनोझ हे निकोटीन पॅचच्या धंद्यातून श्रीमंत झालेले गृहस्थ. म्हणजे एकाने सिगारेटच्या पैशावर शर्यती लावल्या आणि दुसऱ्याने ती सोडवायच्या पैशावर. २०१४ मध्ये ही मालिका आणि प्रतिस्पर्धी ग्रँड-ॲम एकत्र आल्या. आज चालते ती हीच. एकाच ट्रॅकवर एकाच वेळी वेगवेगळ्या वर्गांच्या गाड्या धावतात. पुढे खास बनवलेल्या प्रोटोटाइप, मागे पोर्शे, कॉर्व्हेट, फेरारी. वेगवान गाडीला दिवसभर हळू गाड्यांच्या घोळक्यातून वाट काढावी लागते. दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी लक्ष्मी रोडवरून स्कूटर काढल्यासारखं.

पण माझा विषय गाड्या नाहीत, ट्रॅक आहेत. यातला जवळपास प्रत्येक जुना ट्रॅक आधी दुसरंच काहीतरी होता आणि ते 'आधीचं' अजून चाकाखाली लागतं.

सेब्रिंग घ्या. दुसऱ्या महायुद्धात इथे हेंड्रिक्स फील्ड नावाचा लष्करी विमानतळ होता, बी-१७ बॉम्बरचे वैमानिक इथे शिकायचे. युद्ध संपल्यावर ॲलेक उलमन नावाचे विमान अभियंते जुनी लष्करी विमानं नागरी वापरासाठी दुरुस्त करायला जागा शोधत आले. त्यांना मैलोगणती रिकाम्या धावपट्ट्या दिसल्या. ३१ डिसेंबर १९५० ला पहिली शर्यत झाली, सहा तासांची. इंजिनाच्या आकारानुसार सवलत देऊन निकाल लावायचे, त्यात जिंकली कोण, तर क्रॉसली हॉट शॉट नावाची ७२४ सीसीची चिमुकली गाडी. तीही एका प्रेक्षकाने शर्यत बघायला स्वतः चालवत आणलेली! 'देतोस का जरा' म्हणून मागून घेतली आणि जिंकून परत दिली. १९५२ पासून बारा तासांची शर्यत सुरू झाली.

मी बराच वेळ सतराव्या वळणाच्या कुंपणाला नाक लावून उभा होतो. तिथलं काँक्रीट बॉम्बरच्या काळातलंच. फरशीसारखे मोठाले चौकोन, मधल्या फटीत डांबर भरलेलं, आणि प्रत्येक चौकोन शेजारच्यापेक्षा बोटभर वर नाहीतर खाली. प्रोटोटाइप आली की आधी हेडलाइट थरथरताना दिसतो, मग गाडीचं पोट जमिनीला घासून ठिणग्या, मग थडथडथड असा आवाज, आणि तो कानाआधी पावलांना कळतो. या वळणाला सनसेट बेंड म्हणतात. नाव काव्यात्म वाटतं, पण संध्याकाळी ड्रायव्हरच्या थेट डोळ्यांत सूर्य असतो आणि त्याच वेळी ती गाडी थडथडत असते.

रात्री सातव्या वळणावर गेलो. ब्रेकच्या तबकड्या लाल होऊन चाकांच्या आत निखारे ठेवल्यासारख्या दिसत होत्या. मार्चमध्ये आजूबाजूच्या संत्र्याच्या बागा फुललेल्या असतात, त्यामुळे वाऱ्याची दिशा बदलली की जळक्या रबराच्या मधूनच मोहराचा वास येतो. माझ्या शेजारच्या तंबूवाल्यांनी जुन्या बसच्या टपावर चक्क सोफा चढवला होता. 'तीस वर्षं येतोय, सोफा तिसरा आहे,' म्हणाले.

बाकी ट्रॅकांबद्दल प्रतिसादांत लिहीन. कुणी गेलं असेल तर भर घाला.

चहाबाज | सोमवार, रात्री १०:०५

रुमाल टाकून ठेवतो. फोटो टाका की राव.

अवली | सोमवार, रात्री १०:३१

छान लिहिलंय. अडाणी प्रश्न : एवढे पैसे आहेत तर ते काँक्रीट उखडून नवं डांबर का घालत नाहीत?

हेअरपिन | सोमवार, रात्री ११:१२

@अवली, अजिबात अडाणी नाही. काही भाग डांबरी आहेच, आणि सुरुवातीला ८ किमीच्या वर असलेला ट्रॅक आता ६.०२ किमी आहे. पण धावपट्टीचे तुकडे मुद्दाम तसेच ठेवलेत. सस्पेन्शन, गिअरबॉक्स, वायरिंगचा एखादा सांधा, जे काही सुटायचं असेल ते इथे सुटतं. म्हणून ल माँला जाणारे संघ वर्षानुवर्षं इथे येऊन गाड्या खिळखिळ्या करून घेतात. सेब्रिंगचे बारा तास म्हणजे ल माँचे चोवीस, असं पिटमध्ये म्हणतातच. गुळगुळीत केलं तर फ्लोरिडातला आणखी एक सपाट ट्रॅक, एवढंच उरेल.

शेजारी विमानतळ अजून चालू आहे. शर्यतीच्या मध्येच डोक्यावरून छोटी विमानं जातात.

मंचरचा_बाळ्या | मंगळवार, सकाळी ७:५०

सोफ्याचं वाचून हसलो. ही तर जत्राच!

आमच्याकडं बैलगाडा जिथं पळतो त्या जागेला ट्रॅक नाही, घाट म्हणतात. प्रत्येक गावच्या घाटाची चढण वेगळी. बारी, म्हणजे गाड्याची एक धाव, सेकंदावर मोजतात आणि सगळ्यात कमी सेकंदाचा तो घाटाचा राजा. जाणता गाडामालक बैलाआधी घाट बघतो. कुठं भुसभुशीत आहे, कुठं खडक वर आलाय, कुठं बैल दम टाकणार. एका घाटात राजा ठरलेला बैल दुसऱ्या घाटात मधेच ढेपाळतो. तुमच्या सतराव्या वळणाचं वाचून तेच आठवलं.

२०१४ ला कोर्टाने बंदी घातली तेव्हा आमच्या घाटात कमरेएवढं गवत माजलं होतं. डिसेंबर २०२१ ला परवानगी आली, तर पहिला आठवडा नुसतं गवत काढण्यात गेला.

हेअरपिन | मंगळवार, सकाळी ८:२०

बाळ्याभाऊ, तुमचा घाट अमेरिकेतही आहे! व्हर्जिनिया इंटरनॅशनल रेसवे, १९५७ चा. इम्साच्या अगदी सुरुवातीच्या शर्यती इथे झाल्या. १९७४ ला बंद पडला आणि पुढची पंचवीस-सव्वीस वर्षं तिथे गुरं चरत होती. २००० साली पुन्हा उघडला तो जवळपास त्याच जुन्या रेषेवरून. एका वळणावर जुना ओक होता म्हणून ते ओक ट्री वळण. २०१३ च्या उन्हाळ्यात झाड आपणहून कोसळलं, वळणाचं नाव मात्र तेच राहिलं.

निळी_चिमणी | मंगळवार, संध्याकाळी ६:१५

आम्ही कनेक्टिकटमध्ये राहतो, त्यामुळे आमचा घरचा ट्रॅक म्हणजे लाइम रॉक. नवऱ्याच्या नादाने जायला लागले, आता मीच तारखा लक्षात ठेवते.

अडीच किमीचा इवलासा ट्रॅक आहे, १९५७ सालचा. स्टेडियमसारख्या पायऱ्या नाहीत. टेकडीच्या हिरवळीवर सतरंजी टाकायची, डबा उघडायचा. तिखटामिठाच्या पुऱ्या खात मी कॉर्व्हेट आणि पोर्शेची झुंज बघितली आहे. इतकी जवळून की मुलीला ड्रायव्हरचे हातमोजे दिसले. प्रोटोटाइपना हा ट्रॅक लहान पडतो, म्हणून इम्सा आली तरी अलीकडे फक्त जीटी, म्हणजे कॉर्व्हेट-पोर्शेसारख्या, गाड्या घेऊन यायची.

गंमत म्हणजे इथे रविवारी शर्यत नसते. पलीकडेच चर्च आहे. ट्रॅक सुरू झाल्यावर गावकरी कोर्टात गेले आणि १९५९ मध्ये कोर्टाने रविवारच्या शर्यतींना मनाई केली. ती आजतागायत चालू आहे. जगात सगळीकडे शर्यतीचा दिवस रविवार, इथे शनिवार नाहीतर सुट्टीचा सोमवार. रविवारी तिथे जुन्या गाड्या ओळीने मांडून ठेवतात, इंजिन बंद. मला तर तोच दिवस जास्त आवडतो.

अजून एक. हायवेवर एक्झिट फुटतो तिथे वाळू भरलेली पिवळी पिंपं असतात ना, ती जॉन फिच यांची कल्पना. लाइम रॉक उभा करण्यात त्यांचा मोठा वाटा. १९५५ च्या ल माँमध्ये ऐंशीहून जास्त माणसं गेली, त्या अपघातातली मर्सिडीज चालवणारे लवेग हे फिच यांचे जोडीदार होते. पुढची पाळी फिच यांची होती. त्यानंतर त्यांनी आयुष्यभर अपघातातून माणसं वाचवायच्या युक्त्या शोधल्या. मुलांना एक्झिटवर पिंपं दिसली की आता ती 'फिचआजोबा' म्हणून ओरडतात.

चहाबाज | मंगळवार, संध्याकाळी ६:४०

पिवळ्या पिंपांबद्दल आज पहिल्यांदा कळलं. वीस वर्षं त्यांच्या शेजारून जातोय.

ब्रेकडस्ट | मंगळवार, रात्री १०:२२

सगळे गहिवरलेत म्हणून एक काडी टाकतो.

हे जुने ट्रॅक आणि त्यांचा 'स्वभाव' वगैरे ठीक आहे, पण तो स्वभाव माणसं मारत होता. सेब्रिंगमध्ये १९६६ ला बॉब मॅक्लीन खांबावर आदळून गेला, आणि त्याच शर्यतीत एक पोर्शे प्रेक्षकांत घुसून चार जण गेले. ते बिचारे शर्यत बघायला आले होते. न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटकिन्स ग्लेनला १९७३ मध्ये फॉर्म्युला वनचा सेव्हेर, पुढच्याच वर्षी कॉइनिग. कॅनडातल्या मॉसपोर्टला १९८५ मध्ये विंकेलहॉक, आणि ती तर याच प्रकारच्या गाड्यांची शर्यत होती. जॉर्जियातल्या रोड अटलांटाला १९९८ मध्ये 'पेटी ल माँ' या लांब पल्ल्याच्या शर्यतीच्या पहिल्याच वर्षी पोर्शे जीटी१ उंचवट्यावर हवेत उलटली, २००० मध्ये तिथेच बीएमडब्ल्यू. दोन्ही ड्रायव्हर वाचले ते नशीब. मूळ जमिनीचा उंचवटा तसाच ठेवला की हे होतं.

मी टेक्सासमध्ये ऑस्टिनला राहतो. आमचा सर्किट ऑफ द अमेरिकाज २०१२ चा. चुकलं तर गाडी रुंद डांबरावर घसरते, थांबते, परत येते. चाळीस मीटरचा चढउतार आहे, पहिलं वळण डोंगरावर चढल्यासारखं आहे, प्रेक्षकांना सगळं दिसतं. इम्सा २०१७ पर्यंत इथे यायची. पण 'इथे चूक करून काही गमवावं लागत नाही' म्हणत तुमच्यासारखे रसिक नाकं मुरडतात. काय गमवायला हवंय? पाय?

हेअरपिन | मंगळवार, रात्री ११:५५

@ब्रेकडस्ट, टोला बरोबर बसला. सेब्रिंगचं १९६६ मी मूळ लेखात टाळलं, ते टाळायला नको होतं.

पण ग्लेनची गोष्ट पूर्ण सांगा की. १९४८ ला पहिली शर्यत झाली ती गावाच्या रस्त्यांवरून, साडेदहा किमीचा फेरा, मध्ये रेल्वेचे रूळ. शर्यतीपुरत्या आगगाड्या थांबवायच्या. १९५२ ला भर गावात एक गाडी गर्दीत घुसली आणि सात वर्षांचा मुलगा गेला. तेव्हा शर्यत आधी गावाबाहेरच्या रस्त्यांवर नेली आणि १९५६ ला टेकडीवर वेगळा ट्रॅक बांधला. कॅलिफोर्नियातल्या लगुना सेकाचंही तेच. आधी पेबल बीचच्या जंगलातल्या रस्त्यांवर धावायचे, १९५६ ला एर्नी मॅकाफी झाडावर आदळून गेला, पुढच्या वर्षी लष्कराच्या जमिनीवर लगुना सेका. म्हणजे ज्यांना आपण आज जुने आणि धोकादायक म्हणतो, ते त्या वेळचे सुरक्षित ट्रॅक होते.

ऑस्टिनच्या ट्रॅकला मी नावं ठेवत नाही. तिथे कोण कुठे चुकलं हे रात्री बघायला बसलो तर मला कळत नाही, एवढीच तक्रार. सेब्रिंगला धूळ उडाली की अख्खी गर्दी 'ओऽऽ' करते.

अवांतर : ग्लेन १९८१ ला दिवाळखोरीत गेला तेव्हा १९८३ मध्ये विकत घेणाऱ्यांत शेजारच्या गावची कॉर्निंग ही काच कंपनी होती. आपल्या मोबाइलवरची गोरिला ग्लास करणारी. आपल्या आयांनी अमेरिकेतून जपून आणलेल्या कोरेलच्या बश्याही मूळच्या त्यांच्याच.

ब्रेकडस्ट | बुधवार, सकाळी ९:०३

'त्या वेळचे सुरक्षित ट्रॅक' हे मान्य. कोरेलच्या बशीपुढे तर काय बोलणार.

टोरंटोकर | बुधवार, संध्याकाळी ७:३०

विंकेलहॉकचा उल्लेख आला म्हणून लिहितो. मॉसपोर्टचं अधिकृत नाव २०१२ पासून कॅनेडियन टायर मोटरस्पोर्ट पार्क आहे, पण इथे कुणीही ते म्हणत नाही. १९६१ चा ट्रॅक, ३.९६ किमी, दहा वळणं. पाचवं वळण मॉस कॉर्नर, स्टर्लिंग मॉस यांच्या नावाचं. इथली पहिली मोठी शर्यत त्यांनीच जिंकली होती. मॉसमुळे मॉसपोर्ट असं बरेच जण छातीठोक सांगतात, ते चूक. मोटर आणि स्पोर्ट यांची ती जोडाजोड आहे.

दुसऱ्या वळणाला जाऊन उभं राहा. उतारावर डावीकडे जातं आणि वळणात शिरताना पुढचं काही दिसत नाही. कुंपण गाडीपासून फार लांब नाही. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एका प्रोटोटाइपचा मागचा भाग जरासा सुटला, ड्रायव्हरने सावरलं, सगळा खेळ एका सेकंदाचा. माझा हात मात्र सँडविचसकट हवेत तसाच.

पॅनोझसाहेबांच्या मालकीचा हा ट्रॅक बरीच वर्षं होता. रोड अटलांटाही त्यांचाच. मालिकाही स्वतःची, मैदानंही स्वतःची.

कोरडं_तळं | बुधवार, रात्री १०:१०

बे एरियातून हजेरी. आयडीवरून ओळखलं असेलच. 'लगुना सेका'चा स्पॅनिशमध्ये अर्थ तोच.

इथल्या कॉर्कस्क्रू नावाच्या वळणाचे सगळ्यांनी व्हिडिओ पाहिलेत, पण व्हिडिओत उतार कळतच नाही. वरून चालत गेलं की कळतं. जेमतेम १४० मीटर अंतरात १८ मीटर खाली. पाच-साडेपाच मजले! कुंपणाशी उभं राहिलं की चढावरून गाडी येते, डावीकडे नाक वळवते आणि जिन्यावरून पाय घसरल्यासारखी नजरेआड होते. ड्रायव्हरला पुढचा रस्ता दिसत नाही. दूरच्या झाडाच्या शेंड्यावर नेम धरून गाडी सोडतात.

आवाजाचं रडगाणं आमच्याकडेही आहे. वर्षातले बहुतेक दिवस ९० डेसिबलची मर्यादा असते. हौशी लोक आपल्या गाड्यांना जादा सायलेन्सर लावून येतात, काही जण तर धुरांड्याचं तोंड मोजमापाच्या यंत्रापासून उलट्या दिशेला फिरवून! इम्साचा शनिवार-रविवार मोजक्या सवलतीच्या दिवसांपैकी. ट्रॅकनंतर आलेल्या घरांनी ट्रॅकवर तक्रार करायची, हे मला पटत नाही.

निळी_चिमणी | बुधवार, रात्री १०:४५

@कोरडं_तळं, लाइम रॉकचं चर्च मात्र ट्रॅकच्या आधीचं आहे बरं का. :)

अण्णा_सॅन_दिएगो | गुरुवार, सकाळी ८:१५

गेलेल्या ट्रॅकांना एक ओळ तरी द्या. कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडला १९५७ पासून शर्यती व्हायच्या, इम्साही धावली. १९८९ ला बंद. आज तिथे मोरेनो व्हॅलीचा मॉल आणि घरं आहेत. त्या मॉलमध्ये बायकोची साडेचार तास वाट बघत बसलो असताना मला हे कळलं. नंतर पार्किंगमध्ये उगाचच चढउतार शोधत फिरलो.

आमच्या डेल मारच्या घोड्यांच्या रेसकोर्सच्या आवारातही इम्साने काही वर्षं तात्पुरता ट्रॅक मांडला होता. आणि सगळ्यात अल्पायुषी म्हणजे वॉशिंग्टन. जुलै २००२ मध्ये आरएफके स्टेडियमच्या पार्किंगमध्ये अमेरिकन ल माँची शर्यत झाली. करार दहा वर्षांचा होता. शेजाऱ्यांनी आवाजावरून इतका गोंधळ घातला की दुसरी झालीच नाही.

अवली | गुरुवार, दुपारी १:२०

आणि डेटोना? ते तर गोलच ना?

हेअरपिन | गुरुवार, रात्री ९:००

गोल अधिक वाकडं. ३१ अंशांच्या कडांचा भाग धरून आतल्या वळणांसह ५.७३ किमी. त्या कडा उभारायला मैदानाच्या मध्यातूनच माती काढली, त्या खड्ड्यात पाणी साचलं तेच लेक लॉइड. इथली मोठी स्पोर्ट्स कार शर्यत १९६२ ला सुरू झाली, तेव्हा तीन तासांची. डॅन गर्नी आघाडीवर आणि शेवटाला इंजिन मेलं. पठ्ठ्याने गाडी उताराच्या वरच्या कडेला रेषेच्या अलीकडे उभी केली, वेळ संपल्याचा झेंडा हलेपर्यंत वाट बघितली आणि उताराचा फायदा घेत घरंगळत रेषा ओलांडून जिंकला! १९६६ पासून चोवीस तास. जानेवारीत असल्यामुळे ल माँपेक्षा रात्र कितीतरी मोठी. १९९५ ला पॉल न्यूमन वयाच्या सत्तराव्या वर्षी इथे आपल्या वर्गात जिंकले.

तरी मला विचाराल तर डेटोना टीव्हीवर बघावी. माणूस लहान वाटतो तिथे.

शिकागोचा_नवशिका | शुक्रवार, सकाळी ६:५५

धागा वाचून जायचं ठरवलंय. मुलगा सात वर्षांचा. आमच्या जवळ काय?

हेअरपिन | शुक्रवार, सकाळी ७:३०

डोळे मिटून रोड अमेरिका, एल्कहार्ट लेक, विस्कॉन्सिन. तुमच्यापासून अडीच तास. १९५५ चा ट्रॅक, साडेसहा किमी, चौदा वळणं, आराखडा जवळपास तसाच्या तसा. त्याआधी १९५० ते ५२ गावातल्या रस्त्यांवर शर्यत व्हायची. तो जुना रस्ताही गाडीने फिरून बघा. एका जागी बसू नका, झाडीतून चालत राहा. कॅरोसेल, मग किंक, मग कॅनडा कॉर्नर अशी वळणं लागतात. किंकला आवाज ऐका, उजवीकडे वाकताना कोण ॲक्सिलरेटर सोडतो आणि कोण नाही ते डोळे मिटूनही कळतं. तिथले ब्रॅटवर्स्ट (जर्मन सॉसेज) प्रसिद्ध आहेत. खात नसाल तर भाजलेली कणसं, लिंबू आणि तिखट घरून न्या. चालायचे बूट हवेत. मुलाला कानावर घालायचे हेडफोन हवेतच, इअरप्लग त्याच्या कानात टिकणार नाहीत.

मंचरचा_बाळ्या | शुक्रवार, सकाळी ८:१०

कान बंद करून शर्यत बघायची? आमच्याकडं तर 'भिर्रर्र' ऐकायलाच जातात.

शिकागोचा_नवशिका | शुक्रवार, सकाळी ८:४०

तिकिटं काढली. हेडफोन दोन घेतलेत, बाळ्याभाऊ. तिखटाची पुडीही बांधून ठेवली.